अंगठ्याचं पान

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
९ जानेवारी २०२५

ती. मालनताईस,
धोंडूचा साष्टांग नमस्कार.

परवा मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखा साडेपाचला उठलो, आंघोळ केली, देवाजवळ दिवा लावला, रवळनाथाचं नाव घेतलं आणि आठ पंचविसाच्या बसनं अंधेरीला ऑफिसात गेलो. सव्वादहाच्या सुमारास माझ्या पडद्यावर एक पान आलं. त्या पानाबद्दल मी खोटं बोललो. त्यासाठी तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही, एक बटण दाबलं.

माझं काम तुला मी कधी नीट सांगितलं नाही. घाटकोपरचा छापखाना बंद पडल्यावर मी जिथे लागलो, ती कंपनी प्रकाशकांसाठी चोरीच्या प्रती शोधते. कोणी पुस्तकाचे फोटो काढून मोबाइलवर फुकट पसरवले की मशीन ते पकडतं, आणि प्रत मुळात कुणाकडची हे शोधायला पान न पान चाळतं. शिक्का, सही, घडी, डाग, काहीही चालतं. मराठी पानावर मशीन अडखळलं की ते पान माझ्यासारख्या तपासनिसाकडे येतं. मी दोनपैकी एक बटण दाबायचं, ‘खूण आहे’ किंवा ‘खूण नाही’. मी जे दाबतो ते मशीन शिकतं. पुढे त्याला माझी गरज उरणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची भीती वाटते, पण ती जुनी आहे. ही नवी.

पुस्तक नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचं होतं. मुखपृष्ठ काढलेलं, प्रकाशकाचं पान काढलेलं, वाचनालयाचा शिक्का कोऱ्या कागदाच्या तुकड्यानं झाकलेला. ज्यानं केलं त्यानं विचार करून केलं होतं. आणि मजकुराच्या पहिल्या पानावर, वर मधोमध, कुंकवाचा अंगठा. त्या अंगठ्यावर एक आडवी पांढरी रेघ.

मी सहावीत होतो. माझ्यासाठी कैरी चिरताना विळी तुझ्या अंगठ्यात गेली होती. तो व्रण मी कुठेही ओळखेन.

आपल्या देवळातल्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की तू ते आधी रवळनाथाच्या पायाशी ठेवतेस आणि पहिल्या पानावर कुंकवाचा अंगठा उठवतेस, हे कंपनीत कुणाला माहीत असणार. बाकी सगळं काढलंस आणि देवाचं पान काढायला तुझा हात धजावला नाही. माझाही धजावला नसता. पण त्या पानावर तुझ्या हाताचा ठसा आहे, ताई. पोलिसांना याहून जास्त काय लागतं.

मी ‘खूण नाही’ दाबलं. तेव्हापासून जेवण जात नाही. शंभरातली पाच पानं दुसऱ्या तपासनिसाकडे जातात. कोणती, ते आम्हाला कळत नाही. गेल्या वर्षी एकानं मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानाची खूण अशीच दाबली होती. तो सापडला. पोलीस त्याला ऑफिसातून नेताना त्यानं डब्याची पिशवी मागितली, ती त्याला दिली नाही. मला तेवढंच आठवत राहतं.

पत्र लिहितोय कारण माझ्या स्वतःच्या फोनवरही कंपनीचं एक ॲप आहे. ते काय वाचतं आणि काय वाचत नाही ते मला ठाऊक नाही. म्हणून फोन करू नकोस, मेसेज तर नकोच. हे तूच केलंस का, तेवढं लिही. आणि ते पुस्तक काढून टाक.

शुभा आणि सई बऱ्या आहेत. त्यांना मी काही बोललेलो नाही.

तुझा,
धोंडू

*

मु. पो. आंबेखोल, ता. देवगड
१६ जानेवारी २०२५

चि. धोंडूस अनेक आशीर्वाद.

पोस्टमन तुझं पाकीट घेऊन आला आणि हातात देण्याआधी विचारतो, “मालनताय, मुंबयत सगळे बरे आसत मा?” हल्ली कोणाला हातानं लिहिलेलं पत्र आलं की माणूस गेलं असंच धरतात. मी अंगणात बसूनच फोडलं. वाचून झाल्यावर वाटलं, माणूस गेलेलं परवडलं.

होय, मीच केलं. मला कोणी शिकवलं नाही हेही लिहून ठेव. दुपारी सभामंडपात उजेड चांगला असतो, तेव्हा एकेक पान मोबाइलनं घेतलं. चार दिवस लागले. सरळ कसं करायचं, सावली कशी घालवायची, सगळं मी मोबाइलवरच बघून शिकले. तुझ्या अंधेरीतल्या पोरांनी माझं काम बघून मान डोलावली असती.

आता कारण ऐक. वाचनालयात ते पुस्तक एक. परीक्षेला बसणाऱ्या मुली सहा. आणखी प्रती मागवायला प्रकाशकाला फोन केला तर म्हणतो, संपलंय, नवी आवृत्ती जूनमध्ये. परीक्षा मेमध्ये. मी काय करायचं होतं ते तू सांग. त्यातल्या दोघी होडीनं येतात.

तू चोरी म्हणतोस. एक पुस्तक घ्यायचं आणि शंभर जणांनी वाचायचं यालाच आपण इतकी वर्षं वाचनालय म्हणत आलो. आई गावात आणि दादा मुंबईला गिरणीत होते, तेव्हा त्यांनीच तिकडून पहिली पेटी पाठवली होती पुस्तकांची. तेव्हा कोणी मशीन घेऊन मागे लागलं नव्हतं. आणि मी काही जगाला वाटलं नाही. आपल्या सहा मुलींना दिलं, बस्स.

तरी तू घाबरलास म्हणून तुझं ऐकलं. देवासमोर नारळ ठेवून माफी मागितली, अंगठ्याचं पान काढलं आणि त्या पानाशिवाय पुस्तक मुलींसाठी काढलेल्या मोबाइलच्या चॅनेलवर परत टाकलं. जुनं काढून टाकलं. म्हणजे आता त्यावर खूणच नाही. तुझं बटण खोटं होतं ते मी खरं करून दिलं म्हण.

आता नीट जेव. लहानपणीपण असाच होतास, मास्तरांनी नुसतं नाव घेतलं तरी पोटात दुखायचं. कोकम पाठवते आहे शुभासाठी.

तुझी,
मालनताई

*

विक्रोळी
२५ जानेवारी २०२५

ती. मालनताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि मी मोरीपाशी तसाच उभा राहिलो. शुभानं विचारलं काय झालं. म्हटलं, ताईनं कोकम पाठवलंय.

मी पुस्तक काढ म्हटलं होतं. तू पान काढलंस.

मशीननं जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. सगळी पानं तीच, एकच कमी. ज्या पानावर माणसानं ‘खूण नाही’ म्हटलं, तेच एक पान चोरानं काही दिवसांनी आपणहून काढून टाकलं. म्हणजे खूण होती. आणि ती खूण कोणीतरी बघितली आहे हे चोराला आतून कळलं. आमच्या टीम लीडर गंधाली मॅडम, वय एकोणतीस, शांत मुलगी आहे. तिनं ते मोठ्या पडद्यावर लावून आम्हाला दाखवलं. ती कोणाकडे बघत नव्हती.

ते पान दुसऱ्या तपासणीलाही गेलं होतं. सम्यककडे. हा माझ्या शेजारी बसतो, सव्वीस वर्षांचा, कंत्राटावर आहे. माझ्या डब्यातली कुळथाची पिठी मला न विचारता खातो आणि म्हणतो, “काका, झकास. काकूंना सांगा, मी दत्तक यायला तयार आहे.” त्यानं मी ‘नाही’ दाबलंय हे बघितलं, काकांना मराठी आपल्यापेक्षा जास्त कळतं असा विचार केला आणि डोळे मिटून ‘नाही’ दाबलं.

मग दोघांचे फोन तपासले. सम्यकच्या फोनवर असे पुस्तकं-सिनेमे फुकट मिळणारे चौदा ग्रुप निघाले. माझ्या फोनवर भजनं आणि तिथी. तूच सांग, संशय कोणावर जाईल. त्याला चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलंय. जाताना लिफ्टपाशी मला म्हणाला, “काका, वाट लागली माझी. मी सिनेमे बघतो, ते खरंय. पण हे मी नाही केलं. तुमचं ऐकतात ते, तुम्ही तरी सांगा ना.”

मी म्हटलं, “सांगतो.”

आज सहा दिवस झाले. मी सांगितलेलं नाही. सकाळी दिवा लावतो तेव्हा वातीकडे बघवत नाही. दिवा लावून झाला की पटकन पाठ फिरवतो.

आणखी एक. सहा मुली म्हणालीस. मशीननं मोजलंय ताई. त्या चॅनेलवर अकरा हजार माणसं आहेत.

धोंडू

*

आंबेखोल
२ फेब्रुवारी २०२५

चि. धोंडूस आशीर्वाद.

अकरा हजारांचं तुझ्यापासून लपवलं, ते चुकलं. सुरुवात सहा मुलींपासूनच झाली, हे मात्र खोटं नाही. त्यांतल्या एकीनं कणकवलीच्या मैत्रिणीला चॅनेलवर घेतलं, तिनं आणखी कोणाला. डिसेंबरात मी बघितलं तर चार हजार. तेव्हाच बंद करायला हवं होतं. पण मेसेज यायचे रे. नंदुरबारहून, गडचिरोलीहून. ‘मॅडम, आमच्याकडे पुस्तकाचं दुकान नाही, देव तुमचं भलं करो.’ मी वाचनालयात एकटी बसून ते वाचायचे. सत्तावन्न वर्षांत इतक्या माणसांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. मला ते आवडलं. आता तुझ्यापुढे खोटं कशाला बोलू.

चॅनेल मी परवा बंद केलं. पण पुस्तक बंद होत नाही. ज्यांनी घेतलं त्यांच्याकडून ते पुढे चाललंच आहे. विहिरीत घागर सुटावी आणि दोर हातात राहावा तसं झालंय.

काल दुपारी एक माणूस वाचनालयात आला. पँट-शर्ट, हातात फाइल. विचारतो, परीक्षेची पुस्तकं कुठे ठेवता, नोंद कोण करतं. पाणी देताना अर्धं त्याच्या फाइलवर सांडलं. शेवटी तो ग्रंथालय अनुदानाच्या तपासणीचा निघाला. गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि ते पुस्तक तांदळाच्या कणगीत पुरून आले. रवळनाथाच्या पुस्तकावर ही वेळ मी आणली.

आता मी सांगते ते ऐक. त्या पोराचं मला वाईट वाटतं. पण तो सव्वीसचा आहे, त्याला कंप्युटर येतो, दुसरीकडे लागेल. तू पन्नाशीला आलास. छापखाना बंद झाल्यावर दीड वर्ष घरी बसून तुझं काय झालं होतं ते मी बघितलंय. शुभानं बघितलंय. सईचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. तू बोललास तर तुझ्या मागून ते माझ्यापर्यंत येणार, आणि सगळं गाव सभामंडपात बसून बघणार. गप्प राहा, धोंडू. काही दिवसांनी ते विसरतील.

मालनताई

*

विक्रोळी
१० फेब्रुवारी २०२५

ती. मालनताईस साष्टांग नमस्कार.

ते विसरणार नाहीत. माणूस विसरतो, मशीनला ती सोय नाही.

शनिवारी मी मुलुंडला गेलो होतो. त्या पुस्तकाच्या लेखिका तिथे राहतात, जानकी पेडणेकर. हॉस्पिटलात सिस्टर होत्या, मग मुलींना शिकवायच्या, आता निवृत्त. कंपनीच्या कागदावर त्यांचा पत्ता होता. का गेलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुधा, बाई श्रीमंत आणि खडूस निघाव्यात असं मला वाटत होतं.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मी कंपनीतर्फे विचारपूस करायला आलोय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी माझ्यासाठी पोहे केले. पुस्तक त्यांनी सहा वर्षं हातानं लिहिलं. वह्या दाखवल्या. प्रत्येक प्रश्न आधी वॉर्डातल्या मुलींना विचारून बघायच्या, अडला तर सोपा करायच्या. जूनची आवृत्ती प्रकाशकानं आता रद्द केली आहे, फुकट फिरतंय तर विकत कोण घेणार म्हणून.

हसत म्हणाल्या, “अहो, मला माझंच पुस्तक आलं मोबाइलवर. जुनी विद्यार्थिनी. ‘मॅडम, हे बघा, फार छान आहे, तुम्हाला उपयोगी पडेल.’ आता मी काय लिहू तिला? थँक्यू लिहिलं.”

मी हसलो, आणि मग मला मान वर करता येईना. त्यांना वाटलं पोहे तिखट झाले, पाणी आणायला उठल्या. आत जाता जाता म्हणाल्या, “मुलींवर राग नाही हो माझा. दिलीच असती मी. कोणीतरी एकदा विचारायला पाहिजे होतं.”

ताई, मला काही सुचत नाही. सम्यकचा रोज मेसेज येतो, ‘काका, बोललात का?’ मी उत्तर देत नाही. लहानपणी आपल्या घरात असं कोडं पडलं की रवळनाथाला कौल लावायचे. तू गुरवाला सांगून देवाच्या अंगाला फुलांचे कळे लाव. मी गंधालीला खरं सांगावं का, एवढंच विचार. देव देईल तो निकाल मला मान्य आहे.

धोंडू

*

आंबेखोल
१६ फेब्रुवारी २०२५

चि. धोंडूस आशीर्वाद.

आज कौल लावला. पहाटे आंघोळ करून गेले, गुरवानं ओल्या कळ्या देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना लावल्या आणि तू सांगितलंस तेच मी विचारलं. डावीकडची कळी पडली. पुन्हा विचारलं, पुन्हा डावीच. देव नाही म्हणतो. सांगू नकोस.

आता यापुढे विचार करायचा नाही. त्यानं ओझं घेतलंय, तू उतरून ठेव.

मालनताई

*

विक्रोळी
२२ फेब्रुवारी २०२५

ती. मालनताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पण त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी घाटकोपरला आपल्या देवळाच्या माणिक गुरवांना बघायला गेलो होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आठ तारखेपासून मुलाकडे आलेत, हे मला त्यांच्या सुनेच्या फोनवरून कळलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, तरी आवाजावरून ओळखलं. मी विचारलं, गावाकडे देवाचं कोण बघतं. म्हणाले, “पूजा पुतण्या करता. पण कळे तो लावणा नाय. मी जायसर देव गप.”

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. गुरुवारी तुझं पत्र फोडल्यावर लागला. ते गावी परत जाईपर्यंत कौल लागतच नाही, म्हणजे तू तो लावलाच नाहीस.

मी रागावलेलो नाही. देवाचं पान काढायलाही तुझा हात आधी धजावला नव्हता. त्याच देवाच्या नावावर तू मला खोटं लिहून पाठवलंस, आणि तेही मला वाचवायला. तू किती घाबरली असशील ते मला कळतं, कारण ती भीती मीच तुझ्याकडे पाकिटातून पाठवली. आधी मी बटण दाबून खोटं बोललो, मग गप्प राहून, मग तुझ्याकडून बोलवून घेतलं. कौल मागितला तेव्हाही मला देवाचं मत हवं नव्हतं. माझ्याऐवजी कोणीतरी ठरवावं, एवढंच हवं होतं.

गुरुवारी संध्याकाळी शुभाला आणि सईला समोर बसवून सगळं सांगितलं. शुभानं भाताचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “दीड महिना मला वाटत होतं, तुम्हाला काहीतरी मोठं आजारपण आहे आणि तुम्ही लपवताय.” सई उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

काल, शुक्रवारी, ऑफिसात गेल्या गेल्या मी गंधालीच्या केबिनमध्ये गेलो. दार लावून घेतलं. म्हटलं, मॅडम, ते पान मी ओळखलं होतं. खूण होती. पुस्तक माझ्या ओळखीच्या माणसाकडचं आहे आणि त्या माणसाला मीच कळवलं. सम्यकला यातलं काही माहीत नाही, त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच त्याची चूक.

तिनं हातातला चहा खाली ठेवला. म्हणाली, “काका, तुम्ही हे मला कशाला सांगितलंत? मला आता हे लिहावं लागेल. कळतंय ना तुम्हाला?”

मी म्हटलं, “लिहा. मी बसतो.”

तिनं तुझं नाव विचारलं. मी म्हटलं, नाव मी घेणार नाही. तुम्ही शोधलंत तर सापडेल, खोटं सांगून मी अडवणारही नाही. ताई, हे वाचून तुला माझा राग येईल. तो मला मान्य आहे. ते तुझ्यापर्यंत पोचतील की नाही, कधी पोचतील, मला माहीत नाही. मलाही कोणी बोलावेल का, माहीत नाही. आज सकाळी पेपरवाल्यानं कडी वाजवली आणि आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. भीती गेलेली नाही. एक मात्र झालं, आज दिवा लावून मी तिथेच थोडा वेळ बसलो.

जानकीबाईंचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिला आहे. त्यांना काय लिहायचं, लिहायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी काही सुचवत नाही.

गंधालीनं दोन पानं टाइप केली. मला वाचायला दिली. सगळं मी सांगितलं तसंच होतं. मग तिनं माझ्यासमोरच सम्यकला फोन लावला आणि सोमवारी कामावर ये म्हणाली. पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मी दोन्ही पानांवर पूर्ण नावानं सही केली, गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि डब्याची पिशवी घेऊन खाली उतरलो.

तुझा,
धोंडू